वाट पाहायला लावणारी व्यवस्था आणि तरुणांचे जीव

2020 साली देशातल्या एकूण आत्महत्या आदल्या वर्षापेक्षा 10 टक्क्यांनी वाढल्या. विद्यार्थ्यांच्या वाढल्या 21 टक्क्यांनी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात विद्यार्थ्यांचा हा आकडा 2019 मध्ये 10,335 होता, 2020 मध्ये तो 12,526 झाला आणि 2021 मध्ये 13,089. तेव्हा सगळे म्हणाले, करोना आहे, दिवस वाईट आहेत, जातील. करोना गेला. पण 2022 मध्ये 13,044 आणि 2023 मध्ये 13,892 विद्यार्थी आपण गमावले. सर्व वयोगट धरले तर आत्महत्यांच्या नोंदीत महाराष्ट्र वर्षानुवर्षं देशात पहिला आहे. 2022 मध्ये एकट्या आपल्या राज्यात 22,746. राज्य मोठं आहे, इथली नोंदही काही राज्यांपेक्षा बरी होत असेल, हे सगळं धरूनही या आकड्याकडे पाठ फिरवता येत नाही.

यावर आपल्याकडे जी चर्चा होते तिचा सूर ठरलेला आहे. 'हल्लीची पोरं फार नाजूक', 'आमच्या वेळी चपला नव्हत्या पायात', 'मोबाइलने वाटोळं केलं', 'मन घट्ट करायला शिकवा त्यांना'. मग शाळा-कॉलेजात एखादं व्याख्यान ठेवलं जातं. वक्ते सकारात्मक विचारांवर बोलतात, शाल-श्रीफळ होतं, आभार मानले जातात आणि मुलं टाळ्या वाजवून घरी जातात. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. असे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिलेत. दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे, असा हा प्रकार आहे, हे माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे.

करोनाने मुलांची मनं एकाएकी दुबळी केली नाहीत. त्याने त्यांच्या आयुष्यातल्या तारखा मोडल्या. परीक्षेची तारीख, निकालाची, शिष्यवृत्ती खात्यावर जमा होण्याची, वसतिगृह उघडण्याची, नोकरीवर रुजू होण्याची. या तारखांच्या भरवशावर घरंच्या घरं दिवस काढत होती. साथ ओसरल्यावर त्या तारखा पुन्हा मार्गी लावणं ज्यांचं काम होतं, त्यांनी ते सवडीने, अर्धवट केलं किंवा केलंच नाही. तरुणांच्या आत्महत्या रोखण्याचं निम्मं काम डॉक्टर आणि समुपदेशकांचं आहे, यात वाद नाही. उरलेलं निम्मं मंत्रालयात, लोकसेवा आयोगात, विद्यापीठात, समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात आणि शिक्षणसंस्थांच्या ऑफिसात, फायलींवर सह्या करणाऱ्यांच्या हाती आहे. त्या निम्म्या कामाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. कुणीही एकाच कारणाने जीव देत नाही. नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. घरातली भांडणं, दारू, कर्ज, प्रेमातला नकार, जातीवरून झालेला अपमान, आधीचं एखादं आजारपण हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. म्हणूनच 'परीक्षा पुढे गेली म्हणून विद्यार्थ्याने जीवन संपवले' असा मथळा मला चुकीचाच नाही, धोकादायकही वाटतो. मी बोलतो आहे ते धोका वाढवणाऱ्या परिस्थितीबद्दल. आधीच मेटाकुटीला आलेल्या मुलावर आपण व्यवस्था म्हणून आणखी किती भार टाकतो, याबद्दल.

पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आजूबाजूला स्पर्धा परीक्षांचं एक गावच वसलेलं आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूरकडून आलेली हजारो मुलंमुली. एका खोलीत चार-पाच जण 'कॉट बेसिस'वर राहतात, म्हणजे भाडं खोलीचं नसतं, खाटेचं असतं. खाटेखाली पत्र्याची ट्रंक, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, खिळ्याला अडकवलेली एकुलती इस्त्रीची पँट. अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची-टेबल ठरलेलं. टेबलाच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर आपल्याच अक्षरात लिहिलेलं पद: उपजिल्हाधिकारी, तहसीलदार, पीएसआय. महिनाअखेरीला मेसचा एक डबा दोघांत. घरून येणारे पैसे कापसाच्या किंवा सोयाबीनच्या पट्टीवर अवलंबून, त्यामुळे पाऊस लांबला की इथे चहा बंद होतो. हे सगळं चालतं ते समोर तारीख असते म्हणून. पूर्वपरीक्षा या महिन्यात, मुख्य त्या महिन्यात, म्हणजे अजून अमुक महिने कळ काढायची. तारीख दिसत असली की अर्धपोटीही माणूस तग धरतो.

एप्रिल 2020 मध्ये व्हायची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे गेली. मग सप्टेंबर ठरला, मग ऑक्टोबर, मग 14 मार्च 2021. तीही तारीख तीन दिवसांवर आलेली असताना पुन्हा पुढे ढकलल्याचं परिपत्रक निघालं. त्या दिवशी नवी पेठेत मुलं रस्त्यावर बसली. दूरचित्रवाणीवर ती दृश्यं पाहून 'साथीत गर्दी करणारी बेजबाबदार पोरं' असं म्हणणारे खूप भेटले. शेवटी 21 मार्चला परीक्षा झाली. याचा अर्थ एवढाच की ती आठवड्याभरात घेता येत होती. दुसरीकडे जून 2020 मध्ये अंतिम निकाल लागून राज्यसेवेत निवड झालेले 413 उमेदवार वर्ष उलटलं तरी नियुक्तिपत्राची वाट पाहत घरी होते. गावात पेढे वाटून झालेले, सत्कार झालेले, आणि पोरगा तहसीलदार झाला तरी शेतात औत धरतोय. आरक्षणाचा न्यायालयीन पेच खरा होता, पण पेच सुटेपर्यंत या मुलांशी रीतसर बोलायचं, त्यांना लेखी काही कळवायचं, एवढंही कुणाला सुचलं नाही.

2021 च्या जुलैमध्ये, मुलाखतीच्या प्रतीक्षेत असलेल्या पुण्यातल्या एका तरुण अभियंत्याच्या मृत्यूनंतर विधिमंडळात यावर बोललं गेलं आणि आयोगाच्या सदस्यांच्या रिकाम्या जागा महिनाअखेरपर्यंत भरू, असं सरकारने जाहीर केलं. सदस्य नसले की मुलाखती रखडतात, हे कळायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नव्हती. जागा किती, रिकाम्या किती, हे सगळं कागदावर होतं. तो निर्णय एका सहीचा होता आणि ती सही वर्षभर आधी व्हायला कुणाची आडकाठी नव्हती. मला राग येतो तो इथे. मुलांनी धीर धरावा म्हणून आपण त्यांना गीतेतले श्लोक ऐकवतो आणि त्यांच्या धीराची परीक्षा पाहणाऱ्या खुर्च्या मात्र रिकाम्या ठेवतो.

टाळेबंदीत पेठा ओस पडल्या. अभ्यासिका बंद, मेस बंद, खाटेचं भाडं मात्र चालू. मुलं मिळेल त्या वाहनाने गावी गेली. गावातला पहिला प्रश्न, 'काय रे, झालं का परीक्षेचं?' दुसरा, 'मग आता काय ठरवलंय?' पारावर रोज तेच. वडील काहीच बोलत नाहीत आणि त्या न बोलण्याचंच जास्त लागतं. धाकट्याच्या ॲडमिशनचे पैसे दादाच्या नोकरीवर अडलेले. पेठेतल्या खोलीत निदान आपल्यासारखे चार जण होते. रात्री टपरीवर चहा घेताना 'तुझंही राहिलं का?' म्हणून हसता येत होतं. गावात तो आपल्या अपयशासोबत एकटा पडला, आणि ते अपयश खरं तर त्याचं नव्हतंच. परीक्षाच झाली नव्हती.

मुलींना तर तेवढेही प्रश्न विचारले गेले नाहीत. त्यांना थेट स्थळ सांगण्यात आलं. 'दोन वर्षं दिली तुला, आता बस झालं.'

मुलींकडे जरा थांबून पाहायला हवं. देशात सर्व वयांचे मिळून पाहिलं तर आत्महत्या करणाऱ्यांत दहातले सात पुरुष असतात. अठरा वर्षांखालच्या वयात मात्र 2020 मध्ये चित्र उलटं होतं: एकूण 11,396, त्यात मुली 6,004 आणि मुलगे 5,392. शाळा बंद झाली तेव्हा मुलाचा अभ्यास बुडाला. मुलीचं घराबाहेरचं सगळं जगच बंद झालं. शाळा म्हणजे मैत्रिणी, डबा, खेळाचा तास, घरकामातून सुटलेले सहा तास आणि जिच्याजवळ मन मोकळं करावं अशी एखादी बाई. घरात फोन एकच, तो आधी भावाला, मग वडिलांना, आणि नेटवर्क गच्चीवर. एकट्या मुलीने तिन्हीसांजेला गच्चीवर फोन घेऊन बसायचं म्हणजे शेजारपाजारचे काय म्हणतील, ही काळजी वेगळीच. स्मार्टफोन असलेल्या घरांचं प्रमाण 2018 मधल्या 36.5 टक्क्यांवरून 2021 मध्ये 67.6 टक्क्यांवर गेलं, असं ग्रामीण शिक्षणाच्या 'असर' या पाहणीत दिसलं. पण फोन घरात असणं आणि तो मुलीच्या हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बीडकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मुलीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीने तिचं लग्न लवकर उरकतात, हे जुनं दुखणं आहे. हंगामी वसतिगृहं आणि शाळा हाच त्यावरचा अडसर होता. साथीत तोही निघाला. लग्नाला माणसं कमी लागतात, खर्च वाचतो, हा त्या काळातला हिशेब मी आईबापांच्या तोंडून ऐकला आहे आणि त्यांना सरसकट दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पुढे 4 ऑक्टोबर 2021 ला ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे आणि शहरातले आठवीपासूनचे वर्ग सुरू झाले, आणि महिनाभरात एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांची बाजू रास्त होती. पण वाडीवरून तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी शाळा उघडली आणि गाडी गेली. मुलींना शाळेत नेणारी मानव विकासची निळी गाडी, तीही एसटीचीच. वडापच्या जीपमध्ये पोरीला कोण पाठवणार? त्या एका हिवाळ्यात किती मुलींचं शिक्षण कायमचं सुटलं, याचा हिशेब कुठल्याच खात्याने मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

लवकर लग्न झालं की धोका टळला, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: 2016 मध्ये जगभरात झालेल्या स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी सुमारे 37 टक्के एकट्या भारतात झाल्या आणि त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया 15 ते 39 या वयातल्या होत्या. गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात अशा बऱ्याच जणी 'गृहिणी' या रकान्यात जातात. 2021 मध्ये तो रकाना 23,179 वर होता. काल वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारी मुलगी लग्न होताच 'विद्यार्थी' राहत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या आकड्यावरून तरुणांचा प्रश्न मोजायला गेलं तर तिची गणतीच होत नाही.

आता साथीचा नेमका काय परिणाम झाला, यावर जपानचा अनुभव डोळे उघडणारा आहे. जपान महिन्याच्या महिन्याला आत्महत्यांची आकडेवारी जाहीर करतो, त्यामुळे तिथे बारकाईने पाहता आलं. साथीच्या पहिल्या पाच महिन्यांत, फेब्रुवारी ते जून 2020, तिथल्या आत्महत्या 14 टक्क्यांनी कमी झाल्या. शाळा बंद होत्या, कामाचे तास घटले होते, सरकारने माणशी पैसे वाटले होते. जुलै ते ऑक्टोबरमध्ये मात्र त्या 16 टक्क्यांनी वाढल्या. स्त्रियांमध्ये 37 टक्क्यांनी आणि मुलं-किशोरवयीनांमध्ये 49 टक्क्यांनी. शाळकरी मुलांचा आकडा 2019 मध्ये 399 होता, 2020 मध्ये 499 झाला आणि साथ संपत आली तरी, 2022 मध्ये, 514 वर गेला. अमेरिकेतल्या अभ्यासकांनाही असंच काहीसं आढळलं: शाळा बंद झाल्या तेव्हा किशोरवयीनांच्या आत्महत्या घटल्या, प्रत्यक्ष वर्ग भरू लागले तसतशा त्या पुन्हा वाढल्या.

हे आपल्या सोप्या समजुतीला छेद देणारं आहे. 'मुलं घरात कोंडली गेली म्हणून खचली, शाळा उघडल्या की बरी होतील' असं आपण धरून चाललो होतो. शाळा हीच अनेक मुलांसाठी ताणाची जागा आहे, तिथे चिडवणं आहे, तुलना आहे, मार्कांची दहशत आहे, हे या आकड्यांनी दाखवलं. मग उघडू नयेत का शाळा? अर्थातच उघडाव्यात, वर मुलींबद्दल सांगितलं ते विसरता येत नाही. पण मुलं परत येणार ती कशा अवस्थेत आणि आपण त्यांचं स्वागत काय देऊन करणार, हा खरा प्रश्न होता. संकटाच्या भरात माणूस उभा राहतो. सगळे एकाच नावेत असतात. बाकीच्यांची नाव किनाऱ्याला लागते आणि आपलीच मागे राहते, तेव्हा जास्त धोका असतो.

आपल्याकडे हे कसं घडलं ते मी वर्गात पाहिलं. 2021 मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या. दहावीचा निकाल 99.95 टक्के, बारावीचा 99.63. त्या मुलांच्या वाट्याला कौतुकाऐवजी 'करोना बॅच' हे नाव आलं. पुढच्या वर्षी लेखी परीक्षा होणार म्हटल्यावर जानेवारी 2022 अखेरीला धारावीत शिक्षणमंत्र्यांच्या घरासमोर मुलांनी गर्दी केली. त्यांना कुणी भडकवलं, हा तपासाचा भाग झाला. पण अख्ख्या महाराष्ट्राने त्या मुलांना आळशी ठरवून टाकलं, तेव्हा मला आमच्या सराव परीक्षा दिसत होत्या. दोन वर्षं फोनवर पीडीएफ वाचलेली मुलं. सलग तीन तास लिहायची सवय मोडलेली. चांगली हुशार मुलंही अर्ध्या पेपरात पेन खाली ठेवायची, बोटं मोडायची, घड्याळाकडे पाहायची, पुन्हा लिहू लागायची. एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, 'सर, उत्तर येतंय, पण हातच चालत नाही.' पहिल्या दहांतली मुलगी होती. तिला आळशी म्हणण्याची छाती कुणाची असेल तर त्याने माझ्यासमोर म्हणावं.

आणि इथेच मला राज्य मंडळाचं मनापासून कौतुक करायचं आहे. त्या वर्षी मंडळाने अभ्यासक्रम 75 टक्क्यांवर आणला, मोठ्या पेपरला अर्धा तास वाढवून दिला, शक्य तिथे मुलांना त्यांच्याच शाळेत केंद्र दिलं. त्याआधी 2015 पासून नापास मुलांची फेरपरीक्षा जुलैमध्येच घेऊन त्यांचं वर्ष वाचवायला सुरुवात झाली होती. यातल्या एकाही परिपत्रकात 'आत्महत्या प्रतिबंध' हा शब्द नव्हता. पण आत्महत्या प्रतिबंध म्हणतात तो हाच. निकाल लागतो तेव्हा नापास मुलापुढे अख्खं वर्ष रिकामं पसरलेलं असणं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा बसता येणं, यातलं अंतर व्याख्यानाने भरून निघत नाही. एनसीईआरटीने 2022 च्या सुरुवातीला पावणेचार लाखांहून अधिक मुलांची पाहणी केली तेव्हा 81 टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण सांगितलं. कारण इतकं उघड असेल तर उपायही परीक्षेच्या आखणीत शोधायला नकोत का?

हीच गोष्ट पैशांची. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा, कॉलेजच्या लॉगिनला तो पडून राहायचा, मग 'कागदपत्रांत त्रुटी' म्हणून परत यायचा आणि तोवर पोर्टल बंद व्हायचं. शिष्यवृत्ती मंजूर होऊनही रक्कम येईतो वर्ष सरतं. संस्था मात्र 'फी भरा, मग हॉल तिकीट न्या' म्हणून खिडकीवर उभं करते. मागासवर्गीय मुलांची शासकीय वसतिगृहं साथीत अनेक ठिकाणी विलगीकरणासाठी घेतली गेली, ती मुलं परत आली तेव्हा खोल्या तयार नव्हत्या. आश्रमशाळांतली मुलं तर पाड्यावर गेली ती फोनच नसल्याने पार तुटली. पहिल्या पिढीतून शिकायला आलेल्या मुलाला खिडकीवरचा एक 'नंतर या' किती लागतो, हे खिडकीच्या आतल्या माणसाला समजत नाही, कारण त्याच्या लेखी ती शंभरातली एक फाइल असते. करोनात आईबाप दोघंही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली, ते योग्यच केलं. पण ठेवीच्या पावतीखेरीज त्या मुलांची दरवर्षी जाऊन चौकशी कोण करतं? तेव्हा बारा-तेराचा असलेला मुलगा आज सतरा-अठराचा झाला असेल.

माध्यमांनीही या काळात फार मोठं नुकसान केलं. जून 2020 मध्ये एका लोकप्रिय अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी कित्येक महिने जे चालवलं, ते घरात अडकलेल्या, हाती दुसरं काही नसलेल्या कोट्यवधी मुलांनी दिवसरात्र पाहिलं. अशा बातम्यांमध्ये तपशील देऊ नका, एकच कारण चिकटवू नका, मदतीचा क्रमांक द्या, ही मार्गदर्शक तत्त्वं प्रेस कौन्सिलने 2019 मध्येच स्वीकारली होती. अशा बातम्यांच्या भडिमाराने आधीच खचलेल्या तरुणांमधला धोका वाढतो, हे जगभरात पुन्हा पुन्हा सिद्ध झालं आहे. आजही गावोगावच्या यूट्यूब वाहिन्या अशा घरासमोर कॅमेरा लावून आईला 'तुम्हाला काय वाटतं?' विचारतात. याला पत्रकारिता म्हणता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, तारखा पाळल्या म्हणून नैराश्य जाणार आहे का? नाही जाणार. आजारी माणसाला डॉक्टरच लागतो. पण तिथेही आपण काय ठेवलं आहे? देशात लाख लोकसंख्येमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ, आणि आपल्या राज्यात जे आहेत ते बहुतेक पुणे-मुंबई-नाशिकात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. प्रत्यक्षात मी जे 'समुपदेशन कक्ष' पाहिले आहेत त्यांतले बरेचसे म्हणजे पाटी लावलेली खोली, आत जुनी बाकं आणि किल्ली शिपायाकडे. एखाद्या समंजस शिक्षिकेला दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन तिच्यावर आणखी एक काम टाकलं जातं. ती बिचारी मनापासून करते, पण तीच पर्यवेक्षक, तीच परीक्षा विभागात, तिच्याजवळ मूल आपलं मन कसं मोकळं करेल? पूर्ण वेळ, पगारी आणि संस्थाचालकाच्या मर्जीवर नसलेलं पद हवं. दोन-तीन छोट्या शाळांना मिळून एक चालेल, पण ते पद खरं असलं पाहिजे.

कायद्याबद्दलही गावात अजून भीती आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं ते जुनं 309 कलम राहिलंच नाही. तरीही केस होईल, मुलीचं लग्न जमणार नाही, या धास्तीने घरचे 'चुकून झालं' असं सांगून दोन दिवसांत डिस्चार्ज घेतात. पूर्वी प्रयत्न झालेला असणं हा पुढच्या धोक्याचा सर्वांत मोठा इशारा असतो, आणि नेमकं तेच मूल उपचारांविना घरी येतं. आशाताई आणि गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांपर्यंत कायदा बदलल्याचं पोचलं आहे का, हे सरकारने तपासावं.

केंद्राने नोव्हेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण आणलं: 2030 पर्यंत मृत्यू 10 टक्क्यांनी कमी करायचे. विद्यार्थ्यांचा आकडा 2019 च्या तुलनेत एक तृतीयांशाने चढलेला असताना हे लक्ष्य गाठायचं तर जबाबदारी नावानिशी लिहावी लागेल. आयोगाने परीक्षा पुढे ढकलली तर नवी तारीख त्याच परिपत्रकात हवी. निवड ते नियुक्ती याला मुदत हवी आणि ती उलटली तर लेखी कारण हवं. शिष्यवृत्ती ठरल्या महिन्यात आली नाही तर त्या मुलाकडून फी मागायला संस्थेला बंदी हवी, आणि उशीर ज्या टेबलावर झाला त्याची नोंद अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात व्हावी. एसटीच्या फेऱ्या बंद करताना त्या मार्गावर शाळेत जाणाऱ्या मुली किती, हे आधी मोजावं. यातल्या कशालाही फार पैसा लागत नाही.

घराघरात मात्र सरकारची वाट पाहायचं कारण नाही. युनिसेफने 2021 मध्ये 21 देशांतल्या तरुणांना विचारलं, मानसिक त्रासात इतरांची मदत घेणं बरं का? सरासरी 83 टक्के 'हो' म्हणाले. भारतात फक्त 41 टक्के. मूल आपणहून सांगेल, ही आशा सोडून द्या आणि आपण विचारा. जेवण तुटलंय, झोप उडालीय, जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकतोय, 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास' असं बोलतोय, असं दिसलं तर स्वयंपाकघरात, शेतावर, गाडीवर मागे बसवून, जिथे जमेल तिथे थेट विचारा: 'मरावंसं वाटतं का रे कधी?' असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून जीव हलका होतो. उत्तर 'हो' आलं तर उपदेश नको, ओरडणं नको, परीक्षेचं नाव नको. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या धोकादायक वस्तू आवाक्याबाहेर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. अशी लाट बहुतेक वेळा काही तासांत, काही दिवसांत ओसरते, तेवढा वेळ सोबत लागते. हे वाचणाऱ्या कुणाला स्वतःलाच तसं वाटत असेल तर 'टेली-मानस'चा 14416 हा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि मुलाच्या वतीने आईबापांनी, मित्राने, शिक्षकाने फोन केला तरी चालतो.